येसचे ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टु द एज’ : दोन अल्बम शेजारी ठेवून कसे ऐकायचे

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, नव्यानं ऐकायला लागलेल्या माणसाला ‘येस’ या ब्रिटिश बँडचे दोन अल्बम हमखास सुचवले जातात. एक १९७१ चा ‘फ्रॅजाइल’ आणि दुसरा १९७२ चा ‘क्लोज टु द एज’. सुचवणारे लगेच ‘यातला सरस कोणता’ यावर हुज्जत घालू लागतात आणि विचारणारा बाजूलाच राहतो. तो घरी जाऊन दोन्ही एकेकदा लावून बघतो. पहिल्यात एखादं गाणं ओळखीचं निघतं, दुसऱ्यात एकच गाणं संपता संपत नाही. मग ‘पहिला बरा आहे’ म्हणून तो विषय मिटवतो.

माझंही असंच झालं होतं, आणि वर आणखी एक घोळ होता. पहिली कित्येक वर्षं मी ‘फ्रॅजाइल’ चुकीच्या क्रमानं ऐकला. मित्राकडून घेतलेल्या फायली फोल्डरमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागल्या होत्या आणि प्लेअर त्याच क्रमानं वाजवायचा. त्यामुळे ‘वी हॅव हेवन’ सगळ्यात शेवटी यायचं आणि दार धाडकन आपटल्याच्या आवाजानंतर अल्बम संपायचा. तिसऱ्या नंबरावर आलेल्या ‘हार्ट ऑफ द सनराइज’च्या शेवटी मात्र दार उघडल्याचा आवाज होता. हे दार कुठलं, ते आधी उघडून मग बंद कसं होतं, मला काही केल्या उलगडत नव्हतं. मूळ क्रम हाती आला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. दार पहिल्या बाजूवर आपटतं, कुणीतरी पळत सुटतं, वारा घोंगावू लागतो आणि त्यातून ‘साउथ साइड ऑफ द स्काय’ सुरू होतं. तेच दार दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी पुन्हा उघडतं. अल्बमची चौकटच मला इतकी वर्षं उलटी दिसत होती.

तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. तीन संध्याकाळी पुरतील.

हीच जोडी का

एकाच बँडचे दोन अल्बम तुलनेला घेतले की सहसा मधे बरंच काही बदललेलं असतं: वादक बदलतात, स्टुडिओ बदलतो, चार-पाच वर्षं उलटलेली असतात. मग ऐकू येणारा फरक कशामुळे आहे, हे सांगता येत नाही. या जोडीत तसं होत नाही. दोन्हींत तेच पाच जण आहेत: गायक जॉन अँडरसन, बेस गिटारवर क्रिस स्क्वायर, गिटारवर स्टीव्ह हाऊ, कीबोर्डवर रिक वेकमन आणि ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. स्टुडिओ तोच, लंडनचा ॲडव्हिजन. ध्वनिमुद्रण सांभाळणारा आणि बँडच्या जोडीनं निर्माता म्हणून नाव असलेला एडी ऑफर्डही तोच. मुखपृष्ठांचा चित्रकारही तोच, रॉजर डीन. ‘फ्रॅजाइल’ ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९७१ मध्ये आला, ‘क्लोज टु द एज’ सप्टेंबर १९७२ मध्ये. मधे जेमतेम दहा महिने.

वेकमन १९७१ च्या उन्हाळ्यात आधीचा कीबोर्डवादक टोनी के याच्या जागी आला होता. ब्रुफर्ड ‘क्लोज टु द एज’चं काम संपताच १९७२ च्या उन्हाळ्यात बाहेर पडून ‘किंग क्रिमसन’ या बँडमध्ये गेला. म्हणजे नेमक्या या पाच जणांचे स्टुडिओ अल्बम दोनच. माणसं, खोली, यंत्रं सगळं तेच असताना संगीत इतकं बदललं, ते काम करण्याच्या पद्धतीमुळे. ‘फ्रॅजाइल’ ऐकताना कोण काय वाजवतंय ते वेगवेगळं ओळखू येतं. ‘क्लोज टु द एज’मध्ये ते हळूहळू ओळखू येईनासं होतं. ही गोष्ट स्वतःच्या कानांनी पकडता आली की ‘सरस कोणता’ हा प्रश्न तुम्हालाच फारसा महत्त्वाचा वाटणार नाही.

काय काय लागेल

- दोन्ही अल्बम पूर्ण, मूळ क्रमानं. तबकडी, सीडी, ऑनलाइन, काहीही चालेल.
- दोन्ही कानांत नीट वाजणारे हेडफोन. महागडे नकोत, पण डावं-उजवं चोख हवं.
- वही आणि पेन. फोनवर नोंदी करू नका, एक निरोप आला की ऐकणं संपलं.
- घड्याळ किंवा प्लेअरवरची वेळ दिसेल अशी सोय.
- सलग ४० मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी वेळ. प्रत्येक अल्बम साधारण तेवढाच आहे.
- गाण्यांचे शब्द. पण ते सातव्या पायरीपर्यंत उघडू नका.

१. आधी आवृत्ती ठरवा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. दोन्ही अल्बम गेल्या ५० वर्षांत अनेकदा नव्यानं निघाले आहेत. त्यातले काही रिमास्टर आहेत, म्हणजे जुनंच मिश्रण नव्यानं घासूनपुसून दिलेलं. काही रिमिक्स आहेत, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या मूळ फितींवरून मिश्रणच पुन्हा केलेलं. ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सननं केलेलं ‘क्लोज टु द एज’चं रिमिक्स २०१३ मध्ये आणि ‘फ्रॅजाइल’चं २०१५ मध्ये आलं. त्यांत वाद्यं जास्त सुटी, स्वच्छ ऐकू येतात.

एका अल्बमचं जुनं मिश्रण आणि दुसऱ्याचं विल्सनचं, अशी तुलना कधीही करू नका. तुम्हाला ऐकू आलेला फरक १९७१ आणि १९७२ मधला नसेल, १९७१ आणि २०१३ मधला असेल. दोन्ही जुनी घ्या किंवा दोन्ही विल्सनची. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी जुनीच घ्यावीत, असं माझं मत आहे. त्यातला दाटपणा ऑफर्ड आणि बँडनं ठरवून ठेवलेला आहे.

दुसरी काळजी मागून जोडलेल्या जादा गाण्यांची. ‘फ्रॅजाइल’ नऊ गाण्यांचा आहे आणि ‘हार्ट ऑफ द सनराइज’नं संपतो. तुमच्या यादीत त्यापुढे ‘अमेरिका’ किंवा ‘राउंडअबाउट’चं दुसरं रूप दिसत असेल तर ती नंतरच्या आवृत्तीतली भर आहे. ‘क्लोज टु द एज’मध्ये तीनच गाणी आहेत. चौथं दिसलं की थांबा.

२. प्लेअर सरळ करून घ्या

शफल बंद. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काही सुरू होण्याची सोय बंद. एक गाणं विरत असताना दुसरं त्यावर चढवण्याची सोयही बंद, कारण ‘फ्रॅजाइल’मध्ये हे सांधे बँडनं स्वतः जोडलेले आहेत. ‘वी हॅव हेवन’मधून ‘साउथ साइड ऑफ द स्काय’ आणि ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’मधून ‘द फिश’ ही दोन्ही स्थित्यंतरं मधे क्षणभरही न थांबता ऐकू आली पाहिजेत. तिथे बारीक खंड पडत असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये सलग वाजवण्याचा पर्याय शोधा.

फोनमध्ये दोन्ही कानांत एकच आवाज देणारी मोनोची सोय असते. ती चुकून चालू राहिलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. एकदा तपासून घ्या.

शेवटचं म्हणजे आवाजाची पातळी. दोनपैकी जो जरा मोठ्यानं वाजेल तो कानाला आपोआप जास्त चांगला वाटतो. आधी ‘राउंडअबाउट’मधला सगळी वाद्यं एकत्र वाजतानाचा तुकडा आणि मग ‘क्लोज टु द एज’वरच्या ‘सायबेरियन खात्रू’मधला तसाच तुकडा लावून आवाज सारखा करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

३. पहिली संध्याकाळ : ‘फ्रॅजाइल’ एकदा सलग, काहीही न लिहिता

नुसतं ऐका. पहिलंच ‘राउंडअबाउट’ तुम्हाला ओळखीचं वाटण्याची शक्यता आहे. ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहिली असेल तर तिच्या शेवटी ते ऐकलं असेल. सुरुवातीला पुढे झेपावत येणारा जो स्वर आहे तो पियानोचा आहे, फीत उलटी फिरवून घेतलेला. तो तुटतो आणि हाऊची अकूस्टिक गिटार एकटी उरते.

गाणं साडेआठ मिनिटांचं आहे. अमेरिकेत एकेरी तबकडी म्हणून काढताना ते साडेतीन मिनिटांवर आणलं होतं. ते छोटं रूप कुठे सापडलं तर तुलनेत घेऊ नका.

मधे कंटाळा आला तरी पुढे सरकवू नका. कंटाळा कुठे आला ते लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत उपयोगी पडेल.

४. नऊ गाण्यांचे दोन ढीग करा

आता वही उघडा. एका बाजूला चार नावं लिहा: ‘राउंडअबाउट’, ‘साउथ साइड ऑफ द स्काय’, ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’, ‘हार्ट ऑफ द सनराइज’. ही सगळ्यांनी मिळून वाजवलेली गाणी. दुसऱ्या बाजूला उरलेली पाच. ती एकेका वादकाची स्वतःची आहेत.

‘कॅन्स अँड ब्राम्स’ वेकमनचं: जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीची तिसरी गत त्यानं एकट्यानं वेगवेगळ्या कीबोर्डांवर वाजवलीय. ‘वी हॅव हेवन’ अँडरसनचं: त्याच्याच आवाजाचे थरावर थर. ‘फाइव्ह पर सेंट फॉर नथिंग’ ब्रुफर्डचं, सगळं मिळून ३५ सेकंदांचं. ‘द फिश’ स्क्वायरचं, बेस गिटारवर बेस गिटार रचत नेलेलं. ‘मूड फॉर अ डे’ हाऊचं, नायलॉनच्या तारांच्या गिटारवरचं.

अशी विभागणी करण्यामागे एक व्यवहारही होता. वेकमनच्या कीबोर्डांचा खर्च मोठा होता आणि स्टुडिओतला वेळ वाचवायचा होता. एकेकट्याचं गाणं लवकर उरकतं. पण त्यामुळे तुमची एक मोठी सोय झाली आहे. पाचही जणांची ओळख इथे सुटी सुटी करून दिलेली आहे, मैफल सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपलं वाद्य लावून दाखवावं तशी.

म्हणून ही पाच गाणी ‘भरतीची’ समजून टाळू नका. मला स्वतःला ‘कॅन्स अँड ब्राम्स’ या अल्बममधलं सगळ्यात कमकुवत वाटतं. ब्राम्सला त्यातून काही मिळत नाही आणि वेकमनची खरी ताकदही दिसत नाही. ती पाहायची तर ‘साउथ साइड ऑफ द स्काय’च्या मध्यावर जा. बर्फात हरवून मरण पावलेल्या माणसांचं हे गाणं, आणि गोठवणारा वारा थांबल्यावर तिथे एकटा पियानो सुरू होतो. ‘द फिश’ मात्र चार-पाच वेळा ऐकाच. स्क्वायरचा रिकनबॅकर कंपनीचा बेस, पत्तीनं छेडलेला, धातूसारखा कणखर. हा आवाज कानात पक्का बसवून घ्या. दुसऱ्या अल्बममध्ये तो शोधायचा आहे.

प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: याचा आवाज कसा आहे. ‘उंच, पातळ, कधी न थरथरणारा’ असं अँडरसनबद्दल माझ्या वहीत आहे. ब्रुफर्डबद्दल ‘ताशासारखा कोरडा, टणक ठोका’. तुमचे शब्द तुमचे असू द्या.

५. दुसरी संध्याकाळ : ‘क्लोज टु द एज’ची पहिली बाजू, आणि फक्त तीच

पहिली बाजू म्हणजे एकच गाणं, साधारण पावणेएकोणीस मिनिटांचं. दुसरी बाजू आज लावू नका. हे गाणं एका दिवसाला पुरतं.

सुरुवातीला पाणी आणि पक्षी. आवाज हळूहळू वाढत जातो आणि अचानक सगळी वाद्यं एकदम तुटून पडतात. पुढची दोन-तीन मिनिटं बहुतेकांना गोंगाट वाटतात. मलाही वाटली होती. इथेच माणसं अल्बम बंद करतात, म्हणून ही युक्ती: या भागात गिटारच्या मागे धावू नका, बेसला धरा. काल कानात बसवलेला स्क्वायरचा तो धातूचा आवाज खाली चढत-उतरत चाललेला सापडेल. त्याच्यावर पाय ठेवून उभं राहिलं की वरची धुमश्चक्री आपोआप मार्गी लागते. मधेच सगळी वाद्यं एका क्षणात गप्प होतात, आवाजांचा एक छोटा ‘आ’ येतो आणि पुन्हा धुमश्चक्री. तो ‘आ’ आला की समजा, तुम्ही वाटेवर आहात.

गाण्याचे चार भाग आहेत: ‘द सॉलिड टाइम ऑफ चेंज’, ‘टोटल मास रिटेन’, ‘आय गेट अप, आय गेट डाउन’ आणि ‘सीझन्स ऑफ मॅन’. सांधे शोधायच्या नादाला लगेच लागू नका. पहिल्या फेरीत एकच काम करा. तिसऱ्या भागाचं जे नाव आहे ते शब्द गाण्यात जिथे जिथे येतील तिथली वेळ लिहा आणि पुढे मागे काय वाजत होतं ते एका शब्दात नोंदवा. आधी ते कडव्याच्या शेवटी घाईघाईत येऊन जातात. मग साडेआठ मिनिटांच्या सुमाराला वाद्यं जवळजवळ सगळी मागे सरतात आणि तेच शब्द संथ, एकमेकांत गुंतलेल्या आवाजांत पसरतात. बाराव्या मिनिटाच्या पुढे चर्चचा ऑर्गन उसळतो. हा खराखुरा ऑर्गन आहे, लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमधला. शेवटी, चौथ्या भागाच्या टोकाला, तेच शब्द पुन्हा येतात आणि या वेळी सगळे पाच जण त्यांच्या पाठीशी असतात. त्यानंतर पुन्हा पाणी आणि पक्षी.

ख्याल ऐकणाऱ्याला यातली एक गोष्ट पटकन कळेल: बंदिशीचा मुखडा तोच, पण प्रत्येक वेळी तो कुठून कुठे पोचलाय यावर त्याचं वजन ठरतं. पण साम्य तिथेच सोडा. इथे एकही जागा आयत्या वेळची नाही. हे गाणं थोडं थोडं बसवून, थोडं थोडं मुद्रित करून, फितीचे तुकडे कापून जोडत उभं केलेलं आहे. त्या महिन्यांनी किती दमवलं ते ब्रुफर्डनं पुढे अनेकदा सांगितलं आहे, आणि तो बँड सोडून गेला त्यामागे हेही होतं.

दुसऱ्या फेरीत पहिला आणि दुसरा भाग शेजारी ठेवा. गायनाची चाल जवळजवळ तीच आहे. खालचा बेस आणि ड्रम्स बदलले आहेत, आणि तेवढ्यानं त्याच चालीचा चेहरा बदलून जातो. ‘फ्रॅजाइल’मध्ये बेससाठी स्वतंत्र गाणं होतं. इथे बेस गाण्याच्या आत शिरून ते वळवतो. दहा महिन्यांत घडलेला बदल मला याच जागी पहिल्यांदा ऐकू आला.

६. तिसरी संध्याकाळ : दुसरी बाजू

‘अँड यू अँड आय’ साधारण दहा मिनिटांचं. बारा तारांच्या गिटारवर हाऊ नुसते हार्मोनिक, म्हणजे तारेला बोट हलकंच टेकवून काढलेले घंटेसारखे स्वर, छेडतो, सूर तपासून बघावेत तसे, आणि तिथूनच गाणं उमलतं. मधे मेलोट्रॉन या फितींवरचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डच्या आणि स्टील गिटारच्या लाटा उठतात. या अल्बममधलं हे सगळ्यात सोपं दार आहे. पहिली बाजू अजिबात जमली नाही तर खुशाल इथून आत या.

‘सायबेरियन खात्रू’ जेमतेम नऊ मिनिटांचं. याच्या मुख्य तुकड्यावर टाळी देऊन पाहा. आठ मोजा, मग सात मोजा, पुन्हा आठ, पुन्हा सात. दुसऱ्या फेरीला एक मात्रा कमी पडते आणि पाऊल अडखळल्यासारखं होतं. पंधरा मात्रांची पंचम सवारी माहीत असलेल्यांनी तिचे खंड इथे लावू नयेत, बसणार नाहीत.

याच गाण्याच्या मध्यावर एक तार झणझणते. आपल्या कानाला ती लगेच सतारीची वाटेल. ती इलेक्ट्रिक सतार आहे, म्हणजे धरायला-वाजवायला गिटारच, फक्त घोडी अशी बसवलेली की तार तिला घासून जवारीसारखा झंकार निघतो. तिच्यापाठोपाठ वेकमनचं हार्प्सिकॉर्ड येतं. पहिल्या संध्याकाळी ‘कॅन्स अँड ब्राम्स’मध्ये युरोपीय अभिजात संगीत बाहेरून आणून ठेवलेलं होतं. इथे ते गाण्याच्या पोटातून येतं आणि काही क्षणांत त्यातच मिसळून जातं.

७. शब्द आणि चित्रं

आता शब्द उघडा. एक सापळा आहे: ओळीओळीचा अर्थ लावत बसाल तर दोन्ही अल्बम हातचे जातील. अँडरसन शब्द बऱ्याचदा त्यांच्या नादासाठी निवडतो. ‘राउंडअबाउट’ स्कॉटलंडच्या प्रवासात गाडीतून दिसलेल्या वाटोळ्या चौकांवरून, डोंगर-तळ्यांवरून सुचलेलं आहे. एवढं माहीत असलं तरी पुरतं.

‘क्लोज टु द एज’च्या शीर्षकगीतामागे मात्र हेर्मान हेसे यांची ‘सिद्धार्थ’ ही १९२२ ची कादंबरी आहे. बुद्धाच्या काळातला एक ब्राह्मणाचा मुलगा घर सोडतो, तप करतो, संसारात बुडतो आणि अखेर नावाड्याबरोबर नदीकाठी राहून नदीकडून शिकतो. अँडरसननं हे ऋण उघडपणे सांगितलेलं आहे. गाण्यातला तो काठ नदीचा आहे, आणि सुरुवातीचं-शेवटचं पाणी तेच. म्हणून अर्थ शोधायचा असेल तर ‘कोण वर चढतंय, कोण खाली उतरतंय’ एवढाच प्रश्न धरून ऐका.

चित्रं थोडक्यात. ‘फ्रॅजाइल’वर एक चिमुकला ग्रह आहे आणि मागच्या बाजूला तो फुटतोय. ‘क्लोज टु द एज’चं बाहेरचं पान म्हणजे हिरव्या रंगाची उतरती छटा आणि येसचं ते गोलाकार, गुंतलेलं बोधचिन्ह, जे इथे पहिल्यांदा आलं. आतल्या पानांवर डोंगरमाथ्यावरचं एक तळं आहे. त्याच्या कडेवरून पाणी सगळीकडे खाली कोसळतंय आणि तळं तरीही भरलेलं आहे. हे चित्र मोठं करून समोर ठेवा आणि तिसरा भाग ऐका.

८. जोड्या लावून ऐकणं

खरी तुलना आता सुरू होते. पूर्ण अल्बमविरुद्ध पूर्ण अल्बम असं करू नका, डोकं गरगरतं. तीन जोड्या पुरेत.

‘मूड फॉर अ डे’ आणि ‘अँड यू अँड आय’ची सुरुवात. दोन्हींत हाऊ जवळजवळ एकटा आहे. पहिल्यात तो तुमच्यासाठी वाजवतो. दुसऱ्यात तो कुणाची तरी वाट बघत वाजवतो, आणि ते कुणीतरी येतं.

‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’ आणि ‘सायबेरियन खात्रू’. पहिल्यात गायन सुरू असताना बाकीचे चाराच्या हिशोबानं जातात आणि ब्रुफर्डचा ठोका पाचाच्या हिशोबानं सरकत राहतो. दोन घड्याळं एकाच भिंतीवर. दुसऱ्यात ती अडखळणारी मोजणी सगळ्यांची मिळून एकच आहे.

‘हार्ट ऑफ द सनराइज’ आणि ‘क्लोज टु द एज’. ही मुख्य जोडी, हिला पूर्ण तास द्या. ‘हार्ट ऑफ द सनराइज’ साडेदहा मिनिटांचं आहे आणि पुढच्या अल्बमची सगळी बीजं त्यात आहेत: सगळ्यांनी मिळून फेकलेला तो वेगवान तुकडा, मग एकट्या बेसची सावध चाल, तीन मिनिटं उलटून गेल्यावर येणारा अँडरसनचा आवाज. पण इथे एक भाग संपतो आणि दुसरा सुरू होतो तो कापल्यासारखा, करवतीची रेघ दिसते. ‘क्लोज टु द एज’मध्ये तशी रेघ कुठे दिसते का, ते वहीत लिहा. मला एक-दोन ठिकाणी दिसते, आणि ‘हार्ट ऑफ द सनराइज’मधल्या त्या उघड्या रेघाच मला जास्त आवडतात, हेही सांगतो. नेटकेपणा म्हणजे नेहमी बढतीच असते असं नाही. ‘फ्रॅजाइल’मध्ये ३५ सेकंदांचं गाणं ठेवण्याची जी मोकळीक होती ती पुढच्या अल्बममध्ये उरलेली नाही.

९. निकाल लिहायचाच असेल तर

गुण देऊ नका. दोन वाक्यं लिहा: ‘या अल्बममधून एक गोष्ट काढून टाकली तर काय कोसळेल’ याचं उत्तर प्रत्येक अल्बमसाठी एक. ‘फ्रॅजाइल’मधून ‘कॅन्स अँड ब्राम्स’ काढलं तर माझ्या मते काहीच कोसळत नाही. ते दार काढलं तर बरंच कोसळतं. ‘क्लोज टु द एज’मधून मी अजून काहीही काढू शकलेलो नाही. तारीख घाला आणि सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. माझ्या वहीत पहिल्या वर्षी ‘फ्रॅजाइल’ वर होता, नंतर बराच काळ ‘क्लोज टु द एज’, आणि आता संध्याकाळ कशी गेली यावर ठरतं.

१०. दोन्ही एकाच मंचावर

वही मिटण्याआधी १९७३ चा ‘येससाँग्ज’ मिळवा. प्रत्यक्ष कार्यक्रमांतून मुद्रित केलेला तीन तबकड्यांचा संच आहे, आणि ‘क्लोज टु द एज’ची तिन्ही गाणी, शिवाय ‘राउंडअबाउट’, ‘हार्ट ऑफ द सनराइज’, ‘मूड फॉर अ डे’ वगैरे एकत्र आहेत. बहुतेक गाण्यांत ड्रम्सवर ॲलन व्हाइट आहे, ज्यानं ब्रुफर्ड गेल्यावर जेमतेम तीन दिवसांत हे सगळं अंगावर घेतलं. त्याचा ठोका जास्त जड, जास्त भरलेला. पण ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’ आणि ‘द फिश’ या जोडीवर अजून ब्रुफर्डच आहे. हेडफोन लावा, ती जोडी आणि ‘सायबेरियन खात्रू’ मागोमाग ऐका, आणि चौथ्या पायरीत ब्रुफर्डसमोर लिहिलेली ती ओळ पुन्हा वाचून बघा.